उरलं तर देऊ

बर्वेबाईंच्या पर्समध्ये एक स्टीलचा चमचा असायचा. कारखान्याच्या कँटीनमध्ये चमचे नव्हते असं नाही. पण ते ॲल्युमिनियमचे, वाकलेले आणि बाईंच्या मते नुसते पाण्याला दाखवून आणलेले. बाई रुमालात गुंडाळलेला आपला चमचा काढायच्या, पदराने एकदा पुसायच्या आणि समोरच्या बाकावरच्या फिटर-वेल्डर मंडळींना "शुरू करो भई, मुहूर्त निकालना है क्या," असं म्हणून जेवायला लागायच्या. ऑफिसर लोकांसाठी वर वेगळा हॉल होता. तिथे टेबलावर कापड असायचं, पंखे जास्त होते आणि थाळीत पापड मिळायचा. कल्याण अधिकारी म्हणून बाईंचा तिथे हक्क होता, पण त्या कधी वर गेल्या नाहीत. पापडासाठी जिना चढायला मला वेळ नाही, म्हणायच्या.

मी तेव्हा त्याच विभागात कारकून होतो. माझं टेबल बाईंच्या टेबलासमोर, त्यामुळे त्यांचा राग कोणावरही असला तरी तो आधी माझ्यावरून जायचा. बाई उज्जैनच्या, मास्तरांची मुलगी, लग्न न केलेल्या. भोपाळच्या या टाउनशिपमध्ये एका छोट्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या आणि लूनावरून कामावर यायच्या. मराठी माळव्यातलं. "मला पता नाही" आणि "फालतू बात करू नका" ही दोन वाक्यं दिवसातून किती वेळा कानावर यायची याला गणती नव्हती. टाउनशिपच्या मराठी मंडळातल्या, पुण्याहून आलेल्या बायका त्यांच्या मराठीची पाठीमागे नक्कल करायच्या. समोर करायची हिंमत कोणाची नव्हती.

ताटात त्या एक शीत ठेवत नसत. शेवटच्या घासाने ताट असं पुसून काढायच्या की धुणाऱ्याला काम उरू नये. "गरीब" हा शब्द त्यांना चालत नसे. माझ्या एका टिपणीत मी "गरीब मजदूर" असं लिहिलं तर त्यांनी लाल रेघ मारून "कम वेतन पाने वाले" असं केलं आणि वर मला ऐकवलं, "ते काही जन्मजात आजारी नाहीत. त्यांना कमी देतात. देणारे कोण ते लिहायला तुम्हाला लाज वाटते, म्हणून तुम्ही गरीब लिहिता."

ऐकायला हे छान वाटतं. जवळ राहणाऱ्यांना जाचच व्हायचा. त्यांच्याकडे कामाला सावित्री नावाची बाई होती, कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या झुग्ग्यांमधली. बाई तिला गल्लीतल्या इतर घरांपेक्षा जास्त पगार द्यायच्या, आठवड्याची सुट्टी द्यायच्या, आजारी पडली तरी पैसे कापायच्या नाहीत. गल्लीतल्या बायका एक दिवस मोर्चाच घेऊन आल्या. तुम्ही भाव बिघडवता, आता आमच्याही मागायला लागल्या आहेत, म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "मग द्या." चहाही न पिता मोर्चा परत गेला.

पण जुनी साडी, रात्रीची पोळी, आंबायला आलेली भाजी, यातलं काही बाई सावित्रीला देत नसत. आपल्याला नको झालेलं दुसऱ्याला द्यायचं आणि त्याचा आशीर्वाद घ्यायचा, हा त्यांना धंदा वाटायचा. सावित्रीचं म्हणणं वेगळं होतं. ते तिने माझ्या आईला आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. "मैडम अच्छी हैं, पगार टैम पे देती हैं. पर बाकी घरों से बच्चों के लिए कुछ मिल जाता है. इनके यहाँ से तो हाथ हिलाते जाओ." आईने हे बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी सावित्रीचा पगार आणखी वाढवला. पोळी काही दिली नाही.

अशा बाईंच्या समोर नशिबाने आणून ठेवले होते देशकरभाऊ. ते कँटीनचे मॅनेजर. मूळ नागपूरचे, राजधानी हलली तेव्हा वडील सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आले, टी. टी. नगरच्या सरकारी घरात भाऊ वाढले आणि पुढे कारखान्यात लागले. अंगाने गोल, बोलायला गोड, खिशात कायम बडीशेप. बाई लाल झेंड्याच्या, भाऊ भजनमंडळाचे. बाई मोर्चाला जायच्या, भाऊ मोर्च्यातल्या लोकांना पाणी पाजायला जायचे. निवडणुका आल्या की दोघं कँटीनच्या दारात उभे राहून तासभर भांडायचे. सरकारने झुग्गीवाल्यांना जमिनीचे पट्टे द्यावेत का, रेशन स्वस्त करावं का मजुरी वाढवावी, कारखान्यांनी आणखी माणसं घ्यावीत की नाही. भाऊंचा मुद्दा दरवेळी एकच असे. "बाई, तुमचं सगळं बरोबर आहे ना. पण ते होईपर्यंत माणसानं खावं काय?" आणि बाईंचं उत्तरही एकच. "तुम्ही खायला घालत बसता, म्हणून ते होत नाही."

एका गणपतीत मंडळाने याच विषयावर दोघांची वादसभा ठेवली. हॉल भरला होता. दोघांच्या मध्ये डिझाईन विभागातल्या एका गृहस्थांनाही बोलायला दिलं होतं. ते म्हणाले, या लोकांना काहीच देऊ नये, फुकट देऊन देऊन सरकारने त्यांना बिघडवलं आहे. चांगल्या टाळ्या पडल्या. बाई उठल्या आणि त्यांना शांतपणे विचारलं, की तुमच्या क्वार्टरचं भाडं बाजारभावाने आहे का? तुमच्या बायकोचं ऑपरेशन झालं त्याचं बिल तुम्ही भरलं का? मुलाच्या शाळेची फी? कँटीनची थाळी बाहेर तेवढ्यात मिळते का? "मग तुम्ही कसे नाही हो बिघडलात?" पुढच्या संक्रांतीला तिळगुळाचं बोलावणं बाईंना कोणाकडूनच आलं नाही.

सभा संपल्यावर भाऊ उरलेला प्रसाद डब्यात भरून स्कूटरला बांधत होते, भिंतीपलीकडे न्यायला. बाई त्यांच्याजवळ गेल्या. मला वाटलं, आता तरी दोन चांगले शब्द बोलतील. त्या म्हणाल्या, "रोज उरलेलं द्यायचं म्हणजे रोज त्यांना सगळ्यांच्या नंतर बसवायचं. एक दिवस आधी बसवून बघा की." भाऊंनी डब्याची दोरी आवळली आणि म्हणाले, "भुकेला आधी-नंतर समजत नाही बाई. थोडं धरून ठेवा ना हे झाकण." बाईंनी झाकण धरलं. खरं सांगायचं तर त्या दोघांना एकमेकांशिवाय करमत नसे.

मग कारखान्यात नवीन शेड उठायला लागली. ठेकेदाराची माणसं आली. त्यात रेजा पुष्कळ, म्हणजे डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बायका, बहुतेक छतरपूरकडच्या. त्यांची लेकरं वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळायची. कारखान्याच्या आत दिवसभर राबायचं, पण कँटीनमध्ये यायचं नाही, असा दंडक होता. कँटीन पर्मनंट लोकांचं. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की भाऊ स्वतः मागच्या गेटवर दोन मोठे भगोने घेऊन उभे राहायचे, एकात भात, एकात डाळ. बायका आपापल्या थाळ्या घेऊन रांगेत यायच्या. रोज उरायचं. एक दिवस उरलं नाही असं कधी झालं नाही, आणि ही गोष्ट विचित्र आहे असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बाईंना ती रांग बघवत नसे. त्यांच्या बोलण्यात त्या दिवसांत एकच विषय. ज्या बायका कारखाना बांधतात त्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये बाकावर बसून, त्याच दरात जेवायचं. नियमात ते बसत होतं, बाईंनी नियम काढून ठेवला होता. त्या मॅनेजमेंटकडे गेल्या की साहेब म्हणायचे, "बरवे मैडम, उनको खाना मिल तो रहा है." युनियनकडे गेल्या की तिथले तिवारीजी हात जोडायचे. "मैडम, ठेका मजदूर हमारे मेंबर नहीं हैं. खाने वाले बढ़ेंगे तो हमारे आदमी की दाल पतली होगी. चुनाव सिर पर है." मजुरांच्या झेंड्याखाली बसलेला माणूस हे बोलतो याचा बाईंना जो संताप आला, तो दोन दिवस मी भोगला.

तिसऱ्या दिवशी त्यांना मार्ग सापडला. मॅनेजमेंटकडे सबब एकच होती, भाऊंचे ते दोन भगोने. ते बंद झाले की सबब संपली. आणि ते बंद करायला भांडायचीही गरज नव्हती. बाई कँटीन कमिटीच्या सेक्रेटरी होत्या. त्यांनी ठराव आणला की सकाळीच प्रत्येक विभागातून कूपनं गोळा करायची आणि जितकी कूपनं तितकंच शिजवायचं. अन्नाची नासाडी थांबेल. साहेब खूश, तिवारीजी खूश. विरोध फक्त भाऊंनी केला. पण बोलता येत नव्हतं त्यांना. नुसते "अंदाजानं शिजवू द्या ना बाप्पा, अंदाजात बरकत असते," असं काहीतरी म्हणत राहिले. बाई म्हणाल्या, "भाऊ, बरकत देवळात ठेवा. इथे हिशोब पाहिजे." ठराव झाला. इतिवृत्त मीच लिहिलं.

पुढच्या आठवड्यापासून भगोने कोरडे झाले. भात बेताचा, डाळ बेताची. पहिल्या दिवशी बायका थाळ्या घेऊन आल्या, भाऊ गेटवर नुसते हात घेऊन उभे. आज नाही उरलं, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या बायकांमध्ये रामरती नावाची एक होती, पाठीला पोर बांधलेली, तोंडाने धीट. बाई स्वतः गेटवर गेल्या आणि त्यांनी सगळ्यांना समजावलं, की थोडे दिवस त्रास होईल, मग तुम्ही आत बसाल, ताटात गरम वाढलेलं खाल. रामरती म्हणाली, "ठीक है मैडम. अंदर कब बैठाओगी?" बाई म्हणाल्या, लवकर.

त्यानंतर बाई जिथे दिसतील तिथे रामरती त्यांना हेच विचारायची. शेडच्या रस्त्यावर, नळावर, गेटवर. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तारीख हवी होती, घरून किती पीठ आणायचं ते ठरवायला. बाई मॅनेजमेंटला अर्ज देत होत्या, स्मरणपत्रं देत होत्या. मॅनेजमेंटला आता घाई कसली? सबब गेली तसा खर्चही गेला होता. गेटवर रांग नाही, गोंधळ नाही. साहेबांनी वार्षिक समारंभात नासाडी थांबवल्याबद्दल बाईंना शील्ड जाहीर केली. बाई गेल्या नाहीत. शील्ड शिपायाने टेबलावर आणून ठेवली. बाईंच्या टेबलाचा एक पाय डगमगायचा. त्यांनी शील्ड त्या पायाखाली सरकवली आणि काम करायला लागल्या.

एका दुपारी उन्हात रामरतीला चक्कर आली आणि ती घमेल्यासकट खाली बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ठेकेदाराने तिला कामावरून काढलं. हे चार दिवसांनी कळलं तेव्हा बाई ऑफिसात होत्या, आणि भाऊ आत आले. मी त्यांना आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही चढवला नाही.

"बाई, ते उरत नव्हतं," भाऊ म्हणाले. "मी रोज सकाळी आचाऱ्याला जास्तीचे तांदूळ टाकायला लावत होतो. त्या बायांसाठी मोजून शिजत होतं ते. उरलं म्हणायचं, झालं. कोणाला विचारायचं काम नव्हतं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? मीटिंगमध्ये बोलून मोकळ्या झाल्या असत्या. खोटं बोलता येते का तुम्हाला?"

"त्यांच्यासाठी शिजवत होतात," बाई म्हणाल्या, "ताजं, मोजून. आणि तरी त्यांना दोन तास उन्हात उभं करून उरलं म्हणून वाढत होतात? भाऊ, हे तर जास्त वाईट आहे."

"असेल. पण पोट भरत होतं बाई. तुमच्या चांगल्यानं काय भरलं?"

मी खाली मान घालून फाइल चाळत होतो. त्या वेळी मला बाईंचा राग आला होता. आज विचार केला की भाऊंचाही येतो, आणि सगळ्यांत जास्त त्या साहेबांचा येतो ज्यांना या दोघांच्या भांडणात आपलं काम आपोआप झालेलं मिळालं. बाई त्याच संध्याकाळी लूना घेऊन भिंतीपलीकडे रामरतीला शोधायला गेल्या. झोपडीत दुसरं कुटुंब आलं होतं. ती मुलखाला गेली, एवढंच कळलं.

बाईंनी कूपनाचा ठराव रद्द करायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाले, मॅडम, तुमचीच तर योजना आहे, शील्ड मिळाली आहे. त्या दिवसापासून बाई कँटीनमध्ये जेवल्या नाहीत. डबाही आणत नसत. दुपारी टेबलावर पाण्याचा ग्लास घेऊन बसायच्या. भाऊ कधीकधी शिपायाबरोबर एखादा पेरू पाठवायचे. तो तसाच परत जायचा. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. कँटीनच्या दारातली भांडणं बंद पडली, आणि निवडणुका आल्या तरी कोणी कोणाला काही पटवायला गेलं नाही.

शेड पूर्ण होऊन त्या बायका केव्हाच पांगल्या, आणि त्यानंतर एकदाची मॅनेजमेंटने मागणी मान्य केली. कँटीनच्या कोपऱ्यात एक टेबल टाकलं, वर पाटी लावली, "ठेका श्रमिक". दर मात्र बाजाराचा, सवलत नाही. त्या दराने कोण येणार? पहिल्याच दिवशी बाई तिथे जाऊन बसल्या. पूर्ण पैसे भरले, रुमालातून चमचा काढला आणि सगळं जेवण होईपर्यंत दाराकडे बघत बसल्या. कोणी आलं नाही. निवृत्त होईपर्यंत त्या रोज त्याच टेबलावर एकट्या जेवल्या. नवीन पोरं त्याला बर्वे मॅडमचं टेबल म्हणायची. पुढे कँटीनच ठेक्यावर गेलं. आता तिथे वाढणारी पोरंसुद्धा ठेक्याची आहेत आणि त्यांना तिथे जेवायची परवानगी नाही, असं ऐकतो.

निवृत्तीनंतर बाई भोपाळमध्येच कोटरा सुल्तानाबादला एका खोलीत राहायला गेल्या. मी दिवाळीला जायचो. गुडघे गेले होते, लूना विकली होती. कारखान्याचा विषय त्या काढू देत नसत.

देशकरभाऊ गेले तेव्हा निरोप मीच दिला. बाई फोनवर बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. स्मशानात आल्या नाहीत. तेराव्याला येतील असं मला वाटलं नव्हतं, पण दुपारी भाऊंच्या घरासमोर रिक्षा थांबली आणि काठी टेकत बाई उतरल्या.

भाऊंच्या मुलाने सगळं भरपूर केलं होतं. अंगणात मांडव, टेबलखुर्च्या, केटररची गणवेशातली माणसं. शिवाय वडिलांना आवडायचं म्हणून भिंतीपलीकडच्या लोकांनाही जेवायला सांगितलं होतं. त्यांची पंगत बाहेर रस्त्याच्या कडेला, सतरंजीवर. मुलगा पुढे आला. "काकू, तुम्ही आत बसा. आपल्या लोकांची व्यवस्था आत आहे."

बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग काठी भिंतीला टेकवली आणि बाहेरच्या सतरंजीवर, एका म्हातारीच्या शेजारी, मोठ्या कष्टाने बसल्या. पर्स उघडली. रुमालातून चमचा निघाला. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला राहू दे म्हणून खुणावलं.

पत्रावळीवर पुरी, भाजी, थोडा भात, बुंदी असं एकदा वाढून गेलं. बाई सावकाश जेवल्या. शेवटच्या पुरीने पत्रावळ पुसून घेतली. शेजारच्या म्हातारीला आणखी हवं होतं, पण ती मागत नव्हती. तेव्हा बाईंनी तिची पत्रावळ उचलली, आपली उचलली आणि दोन्ही हातांनी पुढे धरून वाढणाऱ्याला हाक मारली. "भैया, यहाँ चावल देना."

तो आतल्या बाजूला भगोना घेऊन चालला होता. बाईंना त्याने पाहिलं, ओळखायचं कारण नव्हतं. "रुको अम्मा," तो म्हणाला. "पहले अंदर वालों का हो जाए. बचेगा तो देंगे."

मी पुढे झालो. बाईंनी मानेनेच मला थांबवलं. पत्रावळी त्यांनी खाली ठेवल्या, एक म्हातारीपुढे, एक स्वतःपुढे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी त्यांच्या डोळ्यांत आधी कधी पाहिलं नव्हतं.

"देशकर असते," त्या म्हणाल्या, "तर त्यांनी सकाळीच जास्तीचं शिजायला टाकलं असतं."

मग त्यांनी चमचा पदराने पुसला, पण पर्समध्ये ठेवला नाही. हातातच धरून म्हातारीशेजारी मांडी घालून त्या बसून राहिल्या. आतून मला जेवायला बोलावणं आलं. आत अजून दोन पंगती व्हायच्या होत्या.